गाणी, मॅच, मालिका आणि इंग्लिश: शिकवताना या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारात शिकवणीला येणारी मुलं घरी मराठी, शाळेत गुजराती आणि मैदानावर हिंदी बोलतात. इंग्लिश भेटतं ते फक्त वहीत. त्यामुळे बीटीएस हा कोरियन बँड, सुपरहिरो, क्रिकेट यांची मदत घ्यायला हरकत काहीच नाही. घोळ होतो तो 'आज क्लिप दाखवते' म्हटल्यावर वर्गात उठणाऱ्या गलक्यालाच आपण अभ्यास समजतो तेव्हा. महिन्याभराने विचारावं तर एक वाक्य धड निघत नाही.

आवड आपली, कान त्यांचे

आपल्या कॉलेजच्या दिवसांतली गाणी मुलांना लावू नका. त्यांना काय आवडतं ते विचारा, पण उत्तर ऐकून लगेच हुरळूही नका. सुपरहिरोचे सगळे संवाद पाठ असलेल्या मुलाने तो पिक्चर बहुधा हिंदीत डब केलेलाच पाहिलेला असतो. हिरो ओळखीचा, त्याचं इंग्लिश अगदी अनोळखी. अशा वेळी गोष्ट आधीच ठाऊक असते हा फायदा मानून तोच प्रसंग इंग्लिशमध्ये लावा. दोन मिनिटांचा पुरे, तीनदा ऐकवा. अख्खा पिक्चर लावला की तो वर्ग नव्हे, सुट्टी.

पडद्याखालच्या ओळी

हिंदी सबटायटल लावलं की डोळे वाचतात आणि कान झोपतात. बीटीएसचा आरएम एक अमेरिकन विनोदी मालिका बघून इंग्लिश शिकला, हे मुलांना माहीत असतं. कसा शिकला ते नसतं. त्याने स्वतः सांगितलंय: आधी कोरियन सबटायटल लावून, मग इंग्लिश लावून, शेवटी सबटायटलशिवाय. आपली गाडी पहिल्याच पायरीवर अडते. बोललेलं त्याच भाषेत खाली वाचायला मिळणं किती उपयोगी, हे आपल्या गुजरातला नवं नाही. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी 1996 साली हीच कल्पना मांडली, आणि पुढे टीव्हीवर गुजराती चित्रपटगीतांखाली गुजरातीतच ओळी दिसू लागल्या. तेव्हा दुसऱ्या फेरीला इंग्लिश सबटायटल लावाच.

कॉमेंट्रीसारखं बोलायला शिकवणं

बडोद्यात क्रिकेट सोडून कसं चालेल! 14 फेब्रुवारी 2025 रोजी डब्ल्यूपीएलचा, म्हणजे महिलांच्या क्रिकेट लीगचा, मोसम बडोद्याजवळच्या कोटंबीच्या स्टेडियमवर सुरू झाला आणि बेंगळुरूने गुजरात जायंट्सच्या 201 धावा पार केल्या. अशी घरची मॅच म्हणजे शिकवायला सोनंच. फक्त कॉमेंट्रीची भाषा जपून वापरा. 'शॉर्ट बॉल, पुल्ड अवे, फोर' यात पूर्ण वाक्यच नाही. 'शी प्लेज इट टु कव्हर' हे समोर घडत असतानाच म्हणतात. कॉमेंट्रीत ते बरोबर. पण आपल्या मुलांना 'मी जातो' म्हणत चपला घालायची सवय आहे. ती कॉमेंट्रीची नक्कल करत दारात उभं राहून 'आय गो' म्हणतात आणि 'आय ॲम गोइंग' बाजूलाच राहतं.

उपाय सोपा आहे. षटकाचा आवाज बंद करा, मुलांकडून कॉमेंट्री करून घ्या, आणि मग तेच उद्याच्या पेपरातल्या बातमीसारखं लिहायला लावा. 'प्लेज'चं 'प्लेड', 'हिट्स'चं 'हिट' होताना भूतकाळ आपसूक येतो. दुसरा उपाय, मॅचनंतरच्या मुलाखती. प्रश्न छोटे, उत्तरं बऱ्यापैकी पूर्ण. स्मृती मानधना आपल्या सांगलीची. ती इंग्लिशमध्ये बोलते तेव्हा मराठी मुलांना 'हे आपल्यालाही जमेल' असं वाटतं. परदेशी ॲक्सेंटच्या मागे लागण्यापेक्षा हे फार बरं. मुलाखत ऐकून झाली की अर्ध्या वर्गाने विचारायचं, उरलेल्यांनी आपल्या सोसायटीतल्या रविवारच्या मॅचबद्दल सांगायचं.

गाण्यांत व्याकरण शोधणं

तालासाठी शब्दांचा क्रम उलटतो, 'डझन्ट'च्या जागी 'डोन्ट' येतं, आणि मूल तेच पेपरात लिहून येतं. गाणं उच्चारासाठी, वाक्य कुठे तोडायचं ते कळण्यासाठी ठेवा. रॅप तर आधी स्वतः शेवटपर्यंत ऐका, नाहीतर संध्याकाळी कुणाची तरी आई दारात हजर.

एखादा मुलगा 'मला काहीच आवडत नाही' म्हणतो. त्याला मोबाइलवरच्या गेमचे नियम मला समजावून सांग म्हणा, इंग्लिशमध्ये, आणि नवशिका म्हणून मुद्दाम चुकीचं खेळा. तो थांबवतो, चिडतो, हातवारे करतो, आणि शब्द सापडला नाही की स्वतःच विचारतो.