मूलनिवासींच्या विधिसंगीताचं पुरातत्त्व: या चुका टाळा

अमेरिका खंडांतल्या मूलनिवासी समाजांचं जुनं विधिसंगीत आणि नृत्य अभ्यासताना बहुतेक घोळ वस्तू ओळखतानाच होतो. आवाज मातीत टिकत नाही. उरते ती वस्तू आणि तिची झीज.

सर्रास होणारी चूक कासवाच्या कवचाची. खड्ड्यात कवच सापडलं की वहीत नोंद होते 'अन्नाचे अवशेष', फार तर 'वाडगा'. पण अमेरिकेच्या आग्नेय भागातून आलेल्या मस्कोगी, चेरोकी, सेमिनोल लोकांच्या स्टॉम्प डान्स या विधिनृत्यात बायका पोटऱ्यांना कवचांचे खुळखुळे बांधतात. पुरुष गातात, ताल धरतात त्या बायकांची पावलं. केंटकीतल्या इंडियन नोल इथल्या हजारो वर्षं जुन्या दफनांतही असे खुळखुळे मिळाले आहेत. म्हणून कवच धुण्याआधी भिंगाखाली बघा: मुद्दाम पाडलेली भोकं आहेत का, कडा घासल्यात का, आत गुळगुळीतपणा आहे का. आसपासचे बारीक खडे चाळणीतून फेकून देऊ नका, आवाज तेच करत होते. आज अनेक जणी कवचांऐवजी दुधाचे रिकामे डबे वापरतात; उद्याचा उत्खननकर्ता ते डबे बिनदिक्कत कचऱ्यात टाकेल.

दुसरी चूक उलट्या टोकाची: सनसनाटी. मेक्सिकोतल्या त्लातेलोल्को इथे वाऱ्याचा देव एहेकात्ल याच्या मंदिरापाशी बळी दिलेल्या एका तरुणाच्या हातांत कवटीच्या आकाराच्या मातीच्या शिट्ट्या सापडल्या. इंटरनेटवर त्यांच्या 'मृत्यूच्या शिट्ट्या' झाल्या आणि शत्रूला घाबरवायला अ‍ॅझटेक सैनिक त्या फुंकत, ही गोष्टही चिकटली. युद्धातल्या वापराचा भक्कम पुरावा नाही. व्हिडिओत किंचाळतात त्या पुष्कळदा मोठ्या, आधुनिक प्रतिकृती. सापडलेली जागा मंदिराची आहे, त्यामुळे अर्थाची सुरुवात तिथूनच करावी.

जमीनही वाद्य असू शकते. पेरूच्या डोंगराळ भागातल्या व्हिएहो सान्गायाइको इथे लामाचं शेण, राख, चिकणमाती अशा थरांनी भरलेलं एक व्यासपीठ आहे. त्यावर पाय आपटला की ढोलासारखा आवाज घुमतो, असं 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलं आहे. खालचे थर 'नुसती भर' समजून खणून काढले असते तर ढोलच फुटला असता!

आजचा नाच जसाच्या तसा जुना, हे गृहीतही धोक्याचं. कॅनडाने 1885 ते 1951 पॉटलॅचवर, म्हणजे वायव्य किनाऱ्यावरच्या मूलनिवासींच्या नाच-गाण्यांच्या आणि भेटी वाटण्याच्या समारंभावर, बंदी घातली होती. त्या काळात काही विधी लपूनछपून चालले, काही बदलले, काही तुटले. म्हणून आजच्या नाचावरून जुन्या वस्तूचा अर्थ लावायचा, तर त्याच समाजातल्या जाणत्यांशी बोलून लावा.

परवानगीचं तर टाळूच नका. अमेरिकेत मूलनिवासींचे अवशेष आणि वस्तू त्यांना परत देण्याबाबतच्या 1990 च्या कायद्याचे (NAGPRA) 2024 पासून लागू झालेले नियम सांगतात, की मूलनिवासींची पवित्र वस्तू प्रदर्शनात ठेवण्याआधी किंवा तिच्यावर संशोधन करण्याआधी संबंधित समाजाची पूर्वसंमती हवी. जुनं वाद्य 'बघू वाजतं का' म्हणून फुंकूही नका. ओलाव्याने ते तडकू शकतं. शिवाय पिसं-चामड्याच्या वस्तूंना कीड लागू नये म्हणून संग्रहालयं पूर्वी आर्सेनिक लावत. परत मिळालेला मुखवटा किंवा पोशाख समाजातलं कुणी पुन्हा अंगावर चढवणार असेल, तर आधी त्याची विषतपासणी करून घ्या आणि अहवाल त्यांच्या हाती द्या.