जोडीतला एक पक्षी गेला? उरलेल्याच्या बाबतीत या चुका टाळा

पिंजऱ्यातल्या दोघांपैकी एक मेला की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "जोडी फुटली, आता हाही जायचा," आणि "रविवारी बाजारातून दुसरा आणू." पहिल्यात हातपाय गाळणं आहे, दुसऱ्यात घाई. बजरीगर, कॉकटिएल, लव्हबर्ड हे थव्याने राहणारे पक्षी, त्यामुळे सोबत गेल्याचा त्यांना त्रास होतोच. सारख्या हाका मारतात, खाणं कमी होतं, दोघं जिथे शेजारी बसायची त्याच दांडीवर बसून राहतात. हे काही दिवस, कधी काही आठवडे चालतं आणि बहुतेक पक्षी सावरतात. मधल्या काळात गडबड होते ती आपल्या हातून.

सगळं दुःखावर ढकलणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. "बिचारा सुतकात बसलाय" म्हणत आपण वाट बघत राहतो. पण पिसं फुगवून बसणं, भरदिवसा डोळे मिटणं, खाण्याकडे पाठ फिरवणं ही आजाराचीही लक्षणं आहेत, आणि पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो. एका वाटीतून खाणाऱ्या दोघांतला एक अचानक मेला असेल, तर दुसऱ्यालाही तीच बाधा झाली असेल असं धरूनच चालावं. दोघं लागोपाठ गेली की लोक प्रेमाच्या गोष्टी सांगतात. मला आधी संशय येतो तो संसर्गाचा नाहीतर खराब दाण्याचा.

मग ओळखायचं कसं? दाण्याची वाटी बघून फसू नका. वाटी भरलेली दिसते, पण वरती नुसती फोलपटं असतात. वाटी हातात घ्या, हलकी फुंकर मारा, खाली दाणे किती उरले ते बघा. उलटंही होतं: पक्षी दाणे चिवडतो, खाली सांडतो आणि आपल्याला वाटतं खाल्ले. म्हणून दुसरा पुरावा विष्ठेचा. पिंजऱ्याच्या तळाला रोज कोरा कागद घाला. विष्ठा एकदम कमी झाली, किंवा नुसतं हिरवट पाणी आणि पांढरं पडतंय, तर पोटात काही जात नाही. तिसरा पुरावा वजनाचा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्लास्टिकचा छोटा डबा ठेवून सकाळी खाण्याआधी वजन करा. बजरीगर साधारण 30 ते 40 ग्रॅमचा असतो, त्यामुळे तीन-चार ग्रॅमची घट ही मोठी घट आहे. दिवसभर काहीच खाल्लं नाही, तळाला येऊन बसला किंवा श्वासाबरोबर शेपटी वरखाली होतेय, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हात बसलेला असतो तो गाईम्हशींवर, म्हणून निघण्याआधी फोन करून पक्षी बघतात का ते विचारा.

तोवर चमच्याने पाणी किंवा पेज घशात ओतायच्या भानगडीत पडू नका, ती श्वासनलिकेत जाते. चहात बुडवलेलं बिस्किट आणि दूधभातही नको. राळ्याचं कणीस, शेवग्याचा कोवळा पाला, कोथिंबीर समोर टांगा. खाणारा असेल तर यावर चोच मारतोच.

मेलेला पक्षी घाईने पुरून टाकणं

कारण कळायला हवं असेल तर देह लागतो. हातमोजे घालून तो दुहेरी पिशवीत गुंडाळा, डब्यात बंद करा आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको, गोठला की तपासणीला नीट उपयोगी पडत नाही. शक्य तितक्या लवकर डॉक्टरांकडे न्या. आजूबाजूला कावळे किंवा वाडीतल्या कोंबड्याही मरत असतील तर हात लावू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. जानेवारी 2021 मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता, तेव्हा हे आपल्याकडे होत नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. आणि पोपटवर्गीय पक्ष्यांचा सिटॅकोसिस हा संसर्गजन्य आजार माणसालाही होतो. पिंजरा साफ करणाऱ्याला नंतर ताप आणि कोरडा खोकला आला, तर घरात पक्षी मेला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

मृत्यू पावसाळ्यातला असेल तर दाण्याचा डबा आधी उघडा. मिरग लागला की आपल्याकडची हवा काय असते ते सांगायला नको. बाजरी, राळे दमट होतात, आणि बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधी वासाला कळते. कुबट वास आला तर उन्हात वाळवून वापरू नका. बुरशीचं विष वाळवून जात नाही. अख्खा डबा फेका आणि पुढे आठवड्यापुरतंच आणा.

पिंजरा तिथेच टांगून ठेवणं

एरवी मी उलटं सांगते: पिंजरा, जागा, वेळ, काही बदलू नका. दांडी तीच, वाटी तीच, रात्री पांघरायचं कापडही तेच. गेलेल्याचं सामान एका दिवसात उचलून पिंजरा परका करू नका. पण जोडीदार मांजराने किंवा सापाने नेला असेल तर गोष्ट वेगळी. पडवीत टांगलेल्या पिंजऱ्यात रात्री लांबडं शिरणं कोकणात नवलाचं नाही. एक खाऊन फुगलं की तारेतून बाहेर पडता येत नाही, सकाळी ते आतच वेटोळं घालून असतं आणि दुसरा पक्षी कोपऱ्यात तारेला चिकटलेला. अशा वेळी सर्पमित्राला बोलवा. वाचलेला पक्षी त्या जागेवर झोपणार नाही, काळोखात पंख आपटत राहील. पिंजरा घरात घ्या, रात्री मंद दिवा ठेवा, आणि अर्ध्या इंचापेक्षा बारीक जाळी लावल्याशिवाय पुन्हा पडवीत टांगू नका. घरात घेतल्यावर मात्र चुलीचा धूर, मच्छर अगरबत्ती आणि रिकामा तापलेला नॉनस्टिक तवा यांपासून लांब. शेवटच्याची वाफ काही मिनिटांत पक्षी मारते.

"सोडून दी त्याका"

हा सल्ला शेजारून येतो, तोही कळवळ्याने. "एकटो जीव, काय करतलो? सोडून दी त्याका." सोडलेला बजरीगर आधी माडाच्या झावळीवर बसतो आणि पाच मिनिटांत कावळे गोळा होतात. त्यांतून सुटला तर शिक्रा आहेच. त्याला चारा शोधता येत नाही, त्याचं मूळ घर ऑस्ट्रेलियातलं. ही सुटका नव्हे.

लगेच दुसरा आणणं

आजाराचं कारण कळलेलं नसताना नवा पक्षी त्याच पिंजऱ्यात टाकला, तर एक तर तो मरेल, नाहीतर तो नवीन काहीतरी घेऊन येईल. नवा आणायचाच तर निदान महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवा. नंतर पिंजरे शेजारीशेजारी, आणि दोघं तारेजवळ येऊन बसायला लागली की मगच एकत्र, तेही दांड्यांची जागा बदललेल्या पिंजऱ्यात. जुन्याला ती जागा स्वतःची वाटता कामा नये.

इथले बरेच दुकानदार बजरीगरलाच लव्हबर्ड म्हणून विकतात, तेव्हा आपल्याकडे नक्की काय आहे ते बघून घ्या. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि भांडकुदळ. नवख्याच्या पायाची बोटं तोडतो, आणि त्याच्याबरोबर फिंच तर कधीच नको. मोठ्या बजरीगरमध्ये चोचीवरची पट्टी निळी असेल तर बहुधा नर, तपकिरी असेल तर मादी. दोन माद्यांची जुंपते. आणि गावातल्या कोणी "रानातला राघू आणून देतो" म्हटलं तर नाही म्हणा. देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली गुन्हा आहे.

आरसा आणि मोबाइल

आरशातला पक्षी उत्तर देत नाही. नर त्याला भरवायला बघतो, मग दिवसभर तिथेच चिकटतो. गेलेल्याचा आवाज मोबाइलवर लावणं त्याहून वाईट, कारण हाक येते आणि पक्षी येत नाही.

चार दिवसांचे लाड

गणपतीत चाकरमानी येतात, पोरं पक्ष्याला दिवसभर खांद्यावर घेऊन फिरतात. दीड दिवसाचा असो की गौरी-गणपतीचा, विसर्जन झालं की सगळी मुंबईच्या गाडीत, आणि पक्ष्याची सोबत दुसऱ्यांदा तुटते. जे रोज जमणार आहे तेवढंच सुरू करा. घरात राहणाऱ्या आजीने भाजी चिरताना पिंजरा शेजारी घेतला, त्याच्या हाकेला शीळ घातली, तरी पुष्कळ आहे. वेळ मात्र तीच हवी.

मादी एकटी उरली असेल तर नराशिवायही ती अंडी घालू शकते. अंडी काढून टाकली की ती पुन्हा घालते आणि अंगातलं कॅल्शियम संपतं, म्हणून कंटाळून सोडेपर्यंत अंडी राहू द्या. किनाऱ्यावर मिळणारं समुद्रफेन गोड्या पाण्यात भिजवून, उकळून, वाळवून पिंजऱ्यात लावा. ती पोट फुगवून तळाला कुंथत बसली तर अंडं अडकलंय, त्यावर घरगुती उपाय करू नका. ऊबेत ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.