जीनोमची तुलना करताना या चुका टाळा

डीएनएचे वाचलेले तुकडे सांधून नव्याने जुळवलेल्या जीनोममध्ये (जीवाच्या संपूर्ण डीएनएमध्ये) जिवाणूंसारखी जनुके दिसली, की ती उत्क्रांतीच्या ओघात परक्या जीवाकडून आली असा निष्कर्ष नवशिके लगेच काढतात. मला सर्वाधिक खटकणारी चूक हीच आहे, कारण प्राण्याच्या आतड्यात, अंगावर आणि खाद्यातही जिवाणू असतात व त्यांचा डीएनए त्याच नमुन्यात उतरतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील गटाने टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याची सुमारे १७.५ टक्के जनुके परकी असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच जातीवर काम करणाऱ्या एडिंबरा विद्यापीठातील गटाने दोन आठवड्यांच्या आत आपली माहिती पुढे ठेवली: त्या परक्या तुकड्यांपैकी बहुतेक एडिंबरा गटाच्या जुळणीत नव्हते, त्या तुकड्यांचे कव्हरेज (एखादा भाग किती वेळा वाचला गेला ते प्रमाण) प्राण्याच्या खऱ्या तुकड्यांशी जुळत नव्हते आणि त्यांतील जनुकांचा आरएनए (जनुक सक्रिय असल्याची खूण) जवळजवळ मिळत नव्हता. ती बहुतांश जनुके नमुन्यासोबत आलेल्या जिवाणूंची होती.

म्हणून मी प्रत्येक जुळणीचा जीसी टक्केवारी (डीएनएच्या चार अक्षरांपैकी, म्हणजे बेसांपैकी, जी आणि सी यांचे प्रमाण) आणि कव्हरेज यांचा आलेख आधी काढतो आणि जनुकांकडे नंतर वळतो. परके वाटणारे जनुक इंट्रॉन (जनुकातले प्रथिनासाठी न वापरले जाणारे तुकडे, जे जिवाणूंच्या जनुकांत सहसा नसतात) असलेल्या प्राणिजनुकांच्या शेजारी असेल आणि दोन्ही एकाच लांब रीडमध्ये (यंत्राने सलग वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यात) सापडत असतील, तरच मी ते मान्य करतो. एवढी तपासणी टाळून शोधनिबंध लिहायला बसणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

पुनरावृत्त क्रमांबाबतही (डीएनएत पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांबाबतही) अशीच घाई होते. मानवी जीनोममध्ये सुमारे ३०० बेस लांबीच्या ‘आलू’ (Alu) नावाच्या पुनरावृत्त घटकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती आहेत; १५० बेसांच्या रीड वापरल्या, की जवळपास सारख्या प्रती जुळणीत एकमेकींवर चढतात, जीनोम आखूड दिसतो आणि मग ‘या वंशात प्रती नष्ट झाल्या’ असे विधान केले जाते. जिथे कव्हरेज अचानक दुप्पट-तिप्पट होते, तिथे मी प्रती चेपल्या गेल्याचे गृहीत धरतो. मानवी जीनोमचा उरलेला सुमारे ८ टक्के भाग २०२२ मध्ये पूर्ण झाला, तो लांब रीडमुळेच.

माणसाचे अल्फा ग्लोबिन आणि घोड्याचे बीटा ग्लोबिन (हिमोग्लोबिनच्या दोन वेगळ्या घटकांची जनुके) यांवरून या दोन जातींचे नाते ठरवू नका. ही जनुके सस्तन प्राण्यांच्या कितीतरी आधी, द्विगुणनाने (एकाच जनुकाची दुसरी प्रत तयार होऊन) वेगळी झाली आहेत.

जीनोमच्या आकारावरून जीवाची गुंतागुंत मोजू नका. कांद्याचा जीनोम माणसाच्या सुमारे पाचपट आहे.

ब्लास्ट या साम्य असलेले क्रम शोधणाऱ्या संगणकीय साधनाच्या यादीतील पहिले नाव म्हणजे सर्वांत जवळचा नातलग नव्हे. त्यासाठी वंशवृक्ष काढावाच लागतो.