प्राध्यापक आणि तंत्रज्ञ मिळून ई-अभ्यासक्रम करताय? या चुका टाळा

"मटेरियल पेनड्राइव्हमध्ये आहे, तेवढं मूडलवर चढवून द्या."

मूडल म्हणजे कॉलेजचे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायचं सॉफ्टवेअर. सोलापूर जिल्ह्यातल्या कॉलेजांत ई-अभ्यासक्रमाची कामं करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढे काय होणार ते आधीच दिसायला लागतं. सरांच्या लेखी काम संपलेलं असतं, तंत्रज्ञाच्या लेखी ते आत्ता सुरू झालेलं असतं. विद्यार्थ्याने त्या पानावर येऊन नेमकं काय करायचं, हे दोघांपैकी कुणीच ठरवलेलं नसतं. बाकीच्या चुका इथूनच निघतात.

२०२० चं शैक्षणिक धोरण आलं आणि घाई वाढली. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयंमवरून, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरून, करता येतात. तेव्हापासून प्रत्येक विभागाला स्वतःचं काहीतरी ऑनलाइन हवंय. हवं असण्यात गैर काही नाही, पण स्वयंमचा साचा तरी नीट बघा. व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वतःला तपासायची चाचणी आणि चर्चा, असे त्याचे चार भाग आहेत. आपल्याकडे पहिला होतो, दुसऱ्याच्या जागी पीपीटी जोडली जाते आणि उरलेले दोन ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातात. मी उलटीकडून सुरुवात करतो. सरांशेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि विचारायचं, "सर, या घटकात पोरं दरवर्षी कुठं अडकतात?" वीस वर्षं शिकवलेल्या माणसाकडे याचं उत्तर तयार असतं. तेच आधी लिहून घ्यायचं. चाचणी त्यातून निघते, व्हिडिओ चाचणीतून ठरतो. सॉफ्टवेअर कुठलं, हा प्रश्न त्यानंतरचा.

जुन्या फॉन्टमधली प्रश्नपेढी

ही चूक मला सर्वांत जास्त छळते. आपल्या प्राध्यापकांची वर्षानुवर्षांची मेहनत श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये अडकलेली आहे. त्या फायलीत खरं तर मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. सरांच्या पीसीवर तो फॉन्ट असतो, म्हणून त्यांना सगळं ठीक दिसतं. विद्यार्थ्याच्या मोबाइलवर तो नसतो.

जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची भलीमोठी प्रश्नपेढी अशीच होती. सराव चाचणी सोमवारी, फाइल हातात आली शनिवारी. तिथल्या तरुण तंत्रज्ञाने सगळी फाइल, जुना फॉन्ट बदलून देणाऱ्या इंटरनेटवरच्या फुकट कन्व्हर्टरमधून एका दमात काढली. पहिलं पान सरांना दाखवलं. पहिल्या पानावर व्याख्या होत्या, मराठी स्वच्छ उतरलं होतं. सर म्हणाले, "झकास, टाका."

पुढच्या पानांवर रासायनिक सूत्रं होती. कन्व्हर्टरला कुठलं इंग्रजी अक्षर म्हणजे फॉन्टचा संकेत आणि कुठलं खरोखरचं इंग्रजी, हे कळत नाही. त्याने सल्फ्युरिक आम्ल, सोडियम हायड्रॉक्साइड, पीएच या सगळ्यांच्या इंग्रजी अक्षरांची मराठी अक्षरं करून टाकली. सूत्रांत खाली लिहिलेले आकडे ओळीत येऊन बसले. सोमवारी चाचणी उघडली आणि ग्रुपवर स्क्रीनशॉटचा पाऊस पडला. तंत्रज्ञ प्रश्न वाचून दुरुस्त करू शकत नव्हता, कारण त्याला रसायन येत नव्हतं. सरांना मूडलमध्ये जाऊन प्रश्न कसा बदलायचा ते माहीत नव्हतं. पोरांनी त्या परीक्षेसाठी रविवार घालवला होता, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

शेवटी दोघं एका टेबलावर बसले. सर वाचत गेले, तंत्रज्ञ युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा संकेतांत, टाइप करत गेला. वाचता वाचता सरांच्या लक्षात आलं की कितीतरी प्रश्न जुन्या अभ्यासक्रमातले आहेत आणि काही तर दोनदा आलेत. प्रश्नपेढी जवळपास निम्मी झाली आणि दुपटीने चांगली झाली. ही बैठक जून महिन्यात झाली असती तर?

माझी सवय सांगतो. फाइल आली की तिच्यातली एक ओळ उचलून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवायची. मराठी वाचता आलं तर युनिकोड, जंतर-मंतर दिसलं तर जुना फॉन्ट. जुना असेल आणि त्यात सूत्रं, समीकरणं किंवा इंग्रजी शब्द असतील, तर कन्व्हर्टरच्या नादी लागू नका. निव्वळ मराठी गद्य असेल तर वापरा, पण नंतर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याचा’ असे शब्द शोधून तपासा. ‘ऱ्या’ हमखास बिघडतो. नव्याने टाइप करणाऱ्याने इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी, शिकून घ्यावी. सुरुवातीला जड जाते, म्हणून पोरं ती टाळतात आणि पुढे वर्षभर बोटं अडखळत बसतात.

अख्खा तास रेकॉर्ड करणं

वर्गाच्या मागे कॅमेरा लावला, पन्नास मिनिटं चित्रण केलं, यूट्यूबवर टाकलं, झाला ई-कंटेंट! फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरची ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली होती. व्हिडिओ कितीही लांब असो, किमान निम्म्या सत्रांत पाहणं सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हतं. तिथले विद्यार्थी तर स्वतःहून नाव नोंदवून आलेले लोक होते. आपला विद्यार्थी सांगोला, मंगळवेढ्याकडून एसटीने येतो आणि संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत दिवसाचा डेटा पॅक संपत आलेला असतो. त्याला पन्नास मिनिटांचा व्हिडिओ देणं म्हणजे न दिल्यासारखंच.

एका व्हिडिओत एकच अडचण सोडवा. सहा-आठ मिनिटं पुरेत, ४८०पी पुरे. चित्र थोडं धूसर असलं तरी पोरं चालवून घेतात, आवाज फुटला की बंद करतात. म्हणून खर्च कॅमेऱ्यावर न करता कॉलरच्या माइकवर करा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पंखा बंद करून बोलणं कुणालाही जमायचं नाही, तेव्हा रेकॉर्डिंग सकाळी लवकर उरका. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी घर असेल तर तिथे रेकॉर्डिंग करूच नका. ती खटखट कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाही.

भाषेचंही बघा. आपल्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं बसतात. स्लाइड इंग्रजीत, बोलणं मराठीत, असं असलं की आपोआप येणारी कॅप्शन पार गोंधळतात. ती सरांनीच वाचून सुधारावीत. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या मुलांच्या घरची भाषा कन्नड आहे, हे ओळखून त्यांनी काम केलं, त्याकडे आपण फारसं बघत नाही. क्यूआर कोड कुणीही छापतो.

बाकीच्या, थोडक्यात

तंत्रज्ञांची आवडती चूक म्हणजे विषय ऐकण्याआधी साधन ठरवणं. काल एचफाइव्हपी हे परस्परसंवादी खेळ-चाचण्या बनवायचं साधन शिकला म्हणून आज प्रत्येक पानावर ओढा-सोडाचा खेळ. थांबा जरा, आधी सरांचा एक तास वर्गात बसून ऐका. आणि विभागाच्या बैठकीत ‘स्कॉर्म’, ‘एपीआय’ असं बोलू नका. समोरचे मान हलवतात, पण त्यांना समजलेलं नसतं.

स्कॅन केलेली पानं पीडीएफ करून चढवू नका. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या एनव्हीडीएला, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यात फक्त चित्र सापडतं.

वर्गात दाखवलेलं एक पान आणि वेबसाइटवर चढवलेलं अख्खं पुस्तक, कॉपीराइट कायद्याच्या नजरेत एक नाहीत.

परीक्षेच्या आठवड्यात मूडल अपडेट करायचं नाही. कुणी कितीही सांगो.

अभ्यासक्रम खुला करण्याआधी चार-पाच विद्यार्थ्यांना त्यांच्याच स्वस्त मोबाइलवर, कॉलेजचं वायफाय बंद ठेवून उघडायला लावा. शेजारी सर आणि तंत्रज्ञ दोघंही हवेत, आणि दोघांनीही बोलायचं नाही. पोरगं कुठे थांबतं ते वहीत टिपायचं.

अभ्यासक्रमावर तंत्रज्ञाचं नाव घाला. "आमचा कॉम्प्युटरवाला मुलगा" म्हणून हाक मारायची आणि श्रेयाच्या वेळी विसरायचं, हे मला अजिबात पटत नाही. ज्याचं नाव असतं तो रात्री फोन उचलतो.

शेवटचं पासवर्डचं. अॅडमिनचं खातं एकट्याच्या ताब्यात असतं, तो कंत्राटी असतो, मार्चमध्ये सोडून जातो. दोन खाती करा, दुसरं विभागप्रमुखांकडे द्या. दर महिन्याला कोर्सचा बॅकअप काढून ती एमबीझेड फाइल सर्व्हरबाहेर ठेवा, आणि सहा महिन्यांतून एकदा ती दुसऱ्या मशीनवर खरोखर उघडते का ते करून बघा.