एक हात साथ देत नसेल, तर कॅमेरा कसा निवडावा

दुकानात जाण्याआधी स्वयंपाकघरात जा. शेंगाचटणीचं अर्ध्या किलोचं पाकीट उचला, डोळ्यापाशी धरा आणि मिनिटभर तसंच ठेवा. कॅनन आर५० या लहान कॅमेऱ्याची बॉडी आणि तिच्याबरोबरची १८-४५ मिमीची झूम लेन्स मिळून वजन साधारण एवढंच भरतं. माझा डावा हात पंचविसाव्या सेकंदाला थरथरायला लागला. उजव्याची पकड तर कधीच गेलेली. म्हणजे मोठा फुल-फ्रेम डीएसएलआर आणि त्याची जाडजूड लेन्स, हा दीड किलोचा संसार यादीतून तिथंच बाद. मेगापिक्सेलची चौकशी नंतर.

मग बोटाची परीक्षा. शटरचं बटण जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांना उजवीकडेच असतं, डावखुऱ्यांसाठी वेगळं मॉडेल शोधत बसू नका. अर्धं दाबून फोकस, पूर्ण दाबून फोटो, ही कसरत माझ्या बोटाला झेपत नाही. म्हणून टच शटर हवंच: स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर अंगठा टेकवला की फोकस आणि फोटो एकदमच. तेही जमत नसेल तर ब्लूटूथ रिमोट चालतो का, ते विचारा. रिमोट कोपरानं दाबा, हनुवटीनं दाबा, कॅमेऱ्याला काही फरक पडत नाही.

झूमचा विचार सहसा कुणी करत नाही. लेन्सची रिंग फिरवायला दुसरा हात लागतो. डावा हात अधू आणि उजवा धड असेल तर सोनी झेडव्ही-ई१० बघा. पॉवर झूम लेन्स लावली की शटरभोवतीच्या खटक्यानं झूम होतं. मात्र त्याला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं.

स्क्रीन बाहेर काढून वळवता आला पाहिजे. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत माझ्या व्हीलचेअरवरून दिसतात त्या फक्त लोकांच्या पाठी. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या येतात तेव्हा कॅमेरा मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) चढवून डोक्यावर न्यायचा, स्क्रीन खाली झुकवायचा आणि मोनोपॉड खुर्चीच्या दांडीला क्लॅम्पनं आवळायचा. इथं एक गोम आहे. लहान कॅमेऱ्याच्या तळाला मोनोपॉडची प्लेट लावली की बॅटरीचं झाकण अडतं. टाइप-सी वायरनं चार्ज होणारा कॅमेरा घेतला तर रोज स्क्रू काढायची कटकट वाचते.

दुकानाला पायऱ्या असतील तर कॅमेरा बाहेर मागवा. एका दुकानदारानं सगळा वेळ माझ्या भावाशीच बोलून काढला, जणू फोटो तोच काढणार होता. खुर्चीत बसूनच कॅमेरा चालू करून बघा, कार्ड काढून परत घाला, आणि हे सगळं एका हातानं. भावाला मदत करू देऊ नका.

लांबचं टिपणारी मोठी लेन्स विकत घेऊ नका, लागेल तेव्हा भाड्यानं आणा. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात काळवीट टिपताना ती मी हातात धरतच नाही. जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्याची पिशवी आईनं शिवून दिली, आत दोन किलो ज्वारी. गाडीची काच उतरवायची, पिशवी दारावर टाकायची, लेन्स तिच्यात रुतवायची आणि इंजिन बंद करायचं, नाहीतर फोटो हलतो. पिशवी पाऊणच भरा. गच्च भरली तर लेन्स घरंगळते.