दुकानातल्या विंडोजला सुरक्षा पॅच लावताना

मायक्रोसॉफ्टचे पॅच, म्हणजे विंडोजमधली सुरक्षेची भोकं बुजवणारे अपडेट, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्र असते. म्हापशात बुधवारी दुकान बंद करतानाच हे काम उरका. आधी बिलिंगचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा. सी ड्राइव्हवर 10-15 जीबी मोकळी हवी, नाहीतर अपडेट मध्येच अडकतं. पावसात वीज कधी जाईल नेम नाही, यूपीएस लावाच.

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, 'चेक फॉर अपडेट्स', मग रीस्टार्ट. हाच रीस्टार्ट लोक ‘उद्या करू’ म्हणून टाळतात, आणि तोवर भोक उघडंच. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा 2017चा वॉनाक्राय व्हायरस मे महिन्यात पसरला. पॅच मार्चमध्येच आला होता! शेवटी अपडेट हिस्ट्रीत केबी क्रमांकासमोर (प्रत्येक अपडेटचा ‘KB’ने सुरू होणारा नंबर) ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ दिसतंय ना, बघा. ‘फेल्ड’ असेल तर जागा कमी पडली का, तेही बघा.