शेवटच्या बसपासून सुरुवात : गोव्यातील वाढत्या शहराचा वाहतूक आराखडा कसा आखावा

गोव्यात शहराच्या वाहतुकीचा विषय निघाला की चर्चा लगेच उड्डाणपूल, बगलमार्ग आणि बहुमजली पार्किंगवर जाते. ही कामे कधीकधी लागतातही. परंतु आराखड्याची सुरुवात त्यांच्यापासून केली तर पैसा आधी संपतो, आणि संध्याकाळी घरी परतायला बस नाही म्हणून स्कूटर घेतलेला माणूस स्कूटरवरच राहतो. सकाळी शहरात येण्याची सोय बहुतेक गावांतून आहे. परतीची खात्री मात्र नाही, आणि त्या खात्रीपोटी घराघरांत दोन-दोन दुचाकी उभ्या राहतात. म्हणून आराखडा परतीच्या शेवटच्या फेरीपासून मागे मागे येत आखावा, असे माझे मत आहे. ही पद्धत नगरसेवक, पालिकेचे अभियंते, पंच आणि प्रभागातील जाणते नागरिक यांना वापरता यावी, म्हणून उदाहरणादाखल म्हापसा शहर घेतले आहे. मडगाव, फोंडा किंवा डिचोलीला तीच रीत थोड्या फरकाने लागू पडते.

हद्द आधी ठरवावी

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्यातील ६२ टक्के लोक नागरी भागात राहत होते, तरीही आपली शहरे कागदावर लहानच दिसतात. पणजी महापालिकेच्या हद्दीत त्या वेळी ४०,०१७ लोक होते, तर ताळगाव, मेरशी, पर्वरी अशा लगतच्या वस्त्यांकडे वाढत गेलेल्या नागरी समूहाची लोकसंख्या १,१४,७५९ होती. म्हापसा पालिकेची लोकसंख्याही चाळीस हजारांच्या घरातच होती. परंतु शुक्रवारच्या बाजाराला बार्देश या स्वतःच्या तालुक्याबरोबर पेडणे आणि डिचोलीतूनही माणसे येतात, जिल्हा इस्पितळात तर रोजच येतात. पालिकेच्या हद्दीपुरता आराखडा केला, तर या येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्यात हिशेबच राहणार नाही.

हद्द ठरवण्याची सोपी रीत अशी की महाविद्यालये, इस्पितळ, बँका आणि मोठी दुकाने यांच्याकडून विद्यार्थी व कर्मचारी कोणत्या गावाहून येतात याची केवळ गावनिहाय संख्या मागवावी. नावे मागू नयेत. ती लागत नाहीत आणि मागितली की संस्था माहिती द्यायला कचरतात. ही संख्या नकाशावर मांडली की शहराची खरी कक्षा दिसते, आणि कोणत्या पंचायतींना पहिल्या बैठकीलाच बोलवायचे हेही ठरते.

मोजणी माणसांची

राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच वाहनांऐवजी माणसे हलवण्याला महत्त्व दिले. तरीही आपल्याकडील सर्वेक्षणे वाहनेच मोजतात. मांडवीवरील अटल सेतू २०१९ मध्ये खुला झाला, आणि दुचाकींच्या या राज्यात त्यावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना मज्जाव झाला. मोजणी माणसांची होत असती, तर या निर्णयावर निदान अधिक चर्चा झाली असती.

म्हापशात शिरणाऱ्या मुख्य रस्त्यांवर, म्हणजे पर्वरी, कळंगुट, शिवोली, कोलवाळ, थिवी आणि हळदोणे या बाजूंना, मोजणीदार बसवावेत. मंगळवार किंवा बुधवार हा साधा दिवस, शुक्रवार हा बाजाराचा दिवस आणि जुलैतील एक पावसाचा दिवस घ्यावा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा स्वतंत्र मोजावा, पण त्या गर्दीवरून रस्त्याची रुंदी ठरवू नये. वर्षातील आठ-दहा दिवसांसाठी बांधलेला रस्ता उरलेले वर्षभर वेग वाढवण्याच्याच कामी येतो. मोजणी सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चालावी. रात्री आठनंतरचे दोन तास सहसा वगळले जातात, आणि आपल्याला नेमके तेच हवे असतात.

नोंदीच्या कागदावर बस, दुचाकी, खासगी मोटार, सायकल आणि पायी चालणारे असे रकाने असावेत. भाड्याने दिलेल्या गाड्यांना, ज्यांच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, वेगळा रकाना द्यावा, कारण पर्यटकाच्या फेरीवरचा उपाय आणि इथल्या रहिवाशाच्या फेरीवरचा उपाय एक नसतो. प्रवासी नेणाऱ्या पायलटांचीही, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांचीही, वेगळी नोंद हवी. पहाटे सायकलवरून भोंगा वाजवत फिरणारा पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलच्या रकान्यात येतोच. सायकलचा मार्ग आखताना सर्वांत अनुभवी सल्लागार तोच आहे, हे ध्यानात असावे. प्रत्येक वाहनात किती माणसे होती हे अंदाजे लिहिले, की चाळीस प्रवाशांची एक बस आणि सरासरी दीड माणूस नेणाऱ्या सव्वीस-सत्तावीस मोटारी यांचे काम सारखेच आहे, हे पालिकेच्या बैठकीत आकड्यांनिशी दाखवता येते.

वेळापत्रक : आराखड्याचा गाभा

यापुढचा भाग सर्वांत कमी खर्चाचा आहे आणि सर्वांत अधिक दुर्लक्षितही. प्रत्येक खासगी प्रवासी बसच्या परमिटमध्ये मार्ग आणि फेऱ्यांच्या वेळा नोंदलेल्या असतात. वाहतूक खात्याकडून ती माहिती मागवावी. सरळ मिळाली नाही, तर माहिती हक्क कायदा आहेच. मग आठवडाभर बसस्थानकावर दोन माणसे बसवून तीन रकाने भरावेत : परमिटमधील वेळ, बस प्रत्यक्ष सुटल्याची वेळ आणि सुटताना बसमध्ये असलेले प्रवासी. बहुतेक ठिकाणी फेऱ्यांची गळती दोन वेळांना दिसते, दुपारी दोन ते चार आणि संध्याकाळी सातनंतर.

ती दिसल्यावर बसमालकांवर तुटून पडू नये. एक-दोन बस असलेल्या मालकाला आठ प्रवाशांच्या तिकिटातून डिझेलही सुटत नाही, मग ड्रायव्हर आणि कंडक्टर यांचा पगार दूरच. दोष मिळकतीच्या पद्धतीत आहे. तिकिटाच्या पैशावरच बस चालणार असेल, तर ती भरल्याशिवाय सुटणार नाही, वाटेत दुसरीशी शर्यत लावील आणि रिकामी फेरी टाळील. किलोमीटरमागे ठरावीक रक्कम आणि तिकिटाचा पैसा सार्वजनिक संस्थेकडे, ही रचना त्यावरचा उतारा आहे. कदंब या राज्याच्या बस महामंडळामार्फत खासगी बस सामावून घेणारी ‘म्हजी बस’ योजना त्याच वाटेने जाते. करारात मात्र एक अट ठळकपणे असावी : रात्रीची फेरी चुकली तर दिवसाच्या फेरीपेक्षा अधिक दंड. फेरी झाली की नाही हे बसवरील जीपीएस यंत्रावरून तपासता येते. त्यासाठी निरीक्षक नेमण्याची गरज नाही.

बसची संख्या काढणे अवघड नाही. समजा, म्हापशाहून एखाद्या गावाला जायला ३५ मिनिटे लागतात, परतायला तेवढीच, आणि दोन्ही टोकांना मिळून १० मिनिटे थांबा. म्हणजे एक फेरा ८० मिनिटांचा. दर २० मिनिटांनी बस हवी असेल, तर ८० ला २० ने भागून चार बस लागतात, शिवाय दुरुस्तीसाठी राखीव बस वेगळी. तीनच बस असतील, तर हिशेबाने २७ मिनिटांचे अंतर येते. तेव्हा फलकावर २७ लिहिण्याऐवजी अर्ध्या तासाचे वेळापत्रक करावे. ‘दर तासाला, बरोबर आणि साडे’ हे आजीलाही पाठ होते, ७.२७ आणि ७.५४ कोणालाच होत नाही.

आता शेवटची बस. बाजारातील दुकाने बंद होऊन, आवराआवर करून सेल्समन बाहेर पडतो त्यानंतर किमान अर्धा तास उलटल्यावर ती सुटली पाहिजे; म्हापशासाठी रात्री साडेनऊ ही वेळ मला योग्य वाटते. त्या बसमध्ये सातच प्रवासी असतील, आणि हिशेबनीस ती बंद करण्याची शिफारस करील. ती शिफारस मानू नये. रोज साडेसहाच्या बसने जाऊ शकणारी मुलगी स्कूटर घेऊन येते, कारण महिन्यातून चार-पाच वेळा तिला उशीर होतो आणि त्या दिवशी नंतरची एकही बस उरलेली नसते. साडेनऊची बस असेल, तर ती मुलगी साडेसहाच्या बसमध्ये बसते. त्यामुळे शेवटच्या फेरीचा तोटा त्या फेरीच्या नावे न लिहिता पूर्ण मार्गाच्या हिशेबात धरावा. किनारपट्टीवरील हॉटेलांची आणि जानेवारी २०२३ पासून सुरू असलेल्या मोपा विमानतळाची पाळी सुटण्याची वेळ विचारून घेतली, तर त्या मार्गांवर याहून उशिराची एक फेरीही भरू शकेल.

आपल्याकडे विश्वासाचे एक उदाहरण आहेच. कदंबची पणजी–म्हापसा किंवा पणजी–मडगाव शटल लोकांना आवडते ती गाडी आलिशान आहे म्हणून नाही. खिडकीवर तिकीट घ्यायचे, रांगेने बसायचे, वाटेत थांबा नाही. काय होणार हे आधी ठाऊक असते.

थांबा आणि पदपथ

बसथांब्याकडे जवळून पाहावे. निवाऱ्यासमोर स्कूटरी लावलेल्या असतात, म्हणून बस वीस पावले पुढे उभी राहते; प्रवासी पावसात धावत जातात, काही काळाने निवाऱ्यात उभे राहणेच सोडतात, आणि मग निवारा स्कूटरींचाच होतो. उपाय नव्या निवाऱ्याचा नाही. बसच्या लांबीइतकी जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखून तिथे वाहन लावण्यास बंदी घालावी आणि ती पाळली जाते की नाही हे पाहावे. छप्पर पुढे इतके आलेले असावे की तिरक्या पावसातही बाकावर बसता येईल.

पदपथाबाबत इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. आपल्याकडे गटारावरची फरशी हाच पदपथ समजला जातो, आणि त्यातही विजेचा खांब, दुकानाची पायरी व उचललेले झाकण असते. मोजपट्टी घेऊन बसस्थानक ते बाजार, बसस्थानक ते शाळा, बसस्थानक ते इस्पितळ हे तीनच मार्ग आधी चालून पाहावेत आणि जिथे रुंदी १.८ मीटरपेक्षा कमी भरते ती जागा फोटोसह नोंदवावी. बाजारात रस्त्याकडेला बसणाऱ्या विक्रेत्या बायांना हटवून पदपथ मोकळा करण्याचा मोह होतो. पथविक्रेता कायदा २०१४ नुसार त्यांच्या जागा ठरवण्याचे काम नगर विक्रेता समितीमार्फत व्हायला हवे, आणि रस्त्यावर फुकट उभ्या असलेल्या चार मोटारींच्या जागेत दहा-बारा विक्रेत्या सहज बसतात, हे त्या समितीसमोर मांडावे.

पार्किंगचे दर तासागणिक चढे असावेत, इतके की बाजाराच्या गाभ्यातील दर आठ जागांमागे एखादी रिकामी सापडावी. त्यातून येणारी रक्कम पदपथ आणि रात्रीच्या बससाठीच वापरली जाईल, असा ठराव दर लागू करण्याच्या आधी घ्यावा. नंतर घेतलेल्या ठरावावर व्यापारी विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

फेरीबोट, रेल्वे, वीज

पणजी–बेती किंवा रायबंदर–चोडण अशा जलमार्गांवर फेरीबोटीतून पायी प्रवाशाला तिकीट पडत नाही, तरीही धक्क्यावर उतरल्यावर पुढची बस केव्हा हे कळत नाही. नदी परिवहन खाते आणि कदंब यांनी एकाच फलकावर दोन्ही वेळा लिहिल्या तरी बराच फरक पडेल. थिवी रेल्वे स्थानक म्हापशाबाहेर आहे. तिथली बस गाड्यांच्या वेळांना जोडलेली असावी, आणि गाडी उशिरा आली तर बसने थांबावे.

विजेवरच्या बस जरूर घ्याव्यात, पण डेपोतील वीजजोडणीची क्षमता, चार्जिंगसाठी लागणारा वेळ आणि पावसात डेपोत पाणी साचते का, हे आधी तपासावे. जुन्या वाड्यांमधून जाणाऱ्या मार्गांवर बारा मीटरची बस वळत नाही. तिथे नऊ मीटर किंवा त्याहून लहान बस मागवावी. आणि दिवसाला दोनच फेऱ्या करणारी विजेची बस धूर कमी करते, गर्दी नाही.

कोणी काय करायचे

बाह्य विकास आराखडा नियोजन व विकास प्राधिकरणाकडे, महामार्ग आणि मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, परमिट वाहतूक खात्याकडे, नियमन वाहतूक पोलिसांकडे आणि बाजार पालिकेकडे, अशी आपल्याकडील वाटणी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली वाहनांवर निर्बंध आणि कलम ११७ खाली पार्किंग व थांब्यांच्या जागा ठरवता येतात. त्यामुळे अधिकार नसल्याची सबब फार काळ टिकत नाही. पालिकेने या सर्वांची एक समिती करून महिन्याला एक बैठक घ्यावी आणि तिचे इतिवृत्त सूचनाफलकावर लावावे. मोठ्या गृहप्रकल्पाला परवानगी देण्याआधी तिथून बसमार्ग चालत किती मिनिटांवर आहे, हा प्रश्न प्राधिकरणाने विचारावा. डोंगरउतारावर किंवा खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीच्या, कडेला, अरुंद रस्त्याच्या टोकाशी उभ्या राहिलेल्या सदनिका पुढची पन्नास वर्षे मोटारीवरच अवलंबून राहतात, आणि नंतर कोणत्याही बसने ते दुरुस्त होत नाही.

नवी सेवा डिसेंबरात सुरू करू नये. ती जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू करावी, कारण रेनकोट घालून खड्डे चुकवणारा दुचाकीस्वार तेव्हाच बसचा विचार करतो. चतुर्थीआधीच्या माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजारात आणि हिवाळ्यात म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेला जादा फेऱ्या ठेवून कसोटी घ्यावी. दर तीन महिन्यांनी रात्रीची बस किती दिवस वेळेवर सुटली, तिच्या आधीच्या दोन बसमध्ये किती प्रवासी वाढले आणि बसस्थानकाभोवती उभ्या दुचाकी किती कमी झाल्या, हे तीन आकडे पालिकेच्या सभेत ठेवावेत, आणि पुढच्या वर्षाचा निधी त्यांच्यावरून वाटावा.